गाडीत पाणी शिरते कोठून?



पावसाळा तोंडावर आला की आपण घराचे पत्रे बघतो, कौले सारखी करतो, पन्हळीतला पालापाचोळा काढतो, मोरीची जाळी घासतो. पन्हळ तुंबली तर पाणी भिंतीवरून घरात उतरते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. पण आता आपल्या कितीतरी घरांपुढे चारचाकीही उभी असते. ती हौसेची कमी आणि पोटापाण्याची जास्त. कुणाची टॅक्सी असते, कुणाची शाळेच्या मुलांची व्हॅन असते, तर कुणी पतपेढीचे कर्ज काढून जुनी गाडी घेतलेली असते. या गाडीलाही घरासारख्याच पन्हळी आणि मोऱ्या असतात, हे मात्र गाडीवर पोट असणाऱ्यांतही बऱ्याच जणांना माहीत नसते. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे. त्याला कारणही आमच्याच घरात घडले.

आमचा भाचा कल्याणला राहतो. त्याने तीन वर्षांपूर्वी एक जुनी लहान गाडी घेतली आणि भाड्याने चालवू लागला. हप्ता जाऊन घर चालेल एवढे सुटत होते. गेल्या जुलैत एके सकाळी त्याने गाडी उघडली, तर पुढच्या डाव्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी, घोटा बुडेल इतके पाणी! आदल्या संध्याकाळी त्याचा अकरा वर्षांचा मुलगा गाडीत बसून खेळत होता. "काच तूच खाली ठेवलीस," म्हणून भाच्याने त्याला दोन थोबाडीत दिल्या. मुलगा रडत सांगत होता, "पप्पा, मी काच लावली होती." पण ऐकतो कोण? भाचेसून मध्ये पडली तर तिलाही बोलणी बसली.

दोन दिवसांनी पुन्हा पाणी. आता मुलगा तर गाडीजवळ फिरकलासुद्धा नव्हता. मग भाच्याने गाडी एका गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याने पुढच्या काचेचे रबर गेले असे सांगितले, काच काढून पुन्हा बसवली आणि साडेतीन हजार रुपये घेतले. पुढच्या पावसात पाणी पुन्हा आले. तोवर गाडीत असा कुबट वास भरला होता की एक गिऱ्हाईक दार उघडून तसेच मागे फिरले. शेवटी दरवाजाच्या कुलपाची वायर गंजून दारे आपोआप उघडू-लागू लागली आणि गाडी आठ दिवस उभी राहिली. हप्ता मात्र उभा राहत नाही.

त्या रविवारी आम्ही कल्याणला गेलो. आमची उमर गाड्यांच्या दुरुस्तीत गेली, त्यामुळे आम्ही आधी काच पाहिली नाही, गाडी कुठे उभी राहते ती जागा पाहिली. वर मोठा गुलमोहर होता. गुलमोहराचे पान म्हणजे तांदळाएवढ्या बारीक पानांची झुपकी, आणि मे-जूनमध्ये त्यात पाकळ्यांची भर. आम्ही बॉनेट उघडायला लावले, वायपरखालची प्लॅस्टिकची जाळी सोडवली आणि आत हात घातला. ओंजळी-ओंजळीने काळा, कुजलेला चिखल निघाला. घमेलेभर झाला. तळाशी एक भोक सापडले. त्यातून दोरी सारली, तसे पुढच्या चाकामागून भळभळ पाणी वाहिले आणि थांबले. सारा रोग एवढाच होता.

आता हे असे का होते ते नीट समजून घेऊ.

पाऊस पुढच्या काचेवर पडतो आणि घसरत खाली येतो. काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली, एक जाळी असते. पाणी त्या जाळीतून आतल्या पत्र्याच्या पन्हळीत पडते. या पन्हळीच्या दोन्ही टोकांना भोके असतात. तेथून पाणी पुढच्या मडगार्डच्या आतून उतरून जमिनीवर पडते. म्हणजे पाणी जाळीत शिरते ही चूक नव्हे. गाडी बनवणाऱ्याने ती तशीच बनवली आहे. पाणी आत यावे आणि लगेच बाहेर जावे, अशी ती सोय आहे.

पण त्याच पन्हळीत आणखी एक तोंड असते. गाडीचा ब्लोअर बाहेरची ताजी हवा तेथून ओढतो. हे तोंड पन्हळीच्या तळापेक्षा थोडे उंच ठेवलेले असते, म्हणून एरवी त्यात पाणी जात नाही. भोके पानांनी बुजली की पन्हळ भरते, पाणी त्या तोंडापर्यंत चढते आणि हवेच्या वाटेने थेट गाडीत उतरते. आपल्याकडच्या गाड्यांत चालक उजवीकडे बसतो आणि ब्लोअर बहुधा डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली असतो. म्हणून पाणी बहुधा पुढच्या डाव्या सीटपुढे साठते. काचेचा याच्याशी काही संबंध नसतो.

एवढ्याशा जाळीतून असे किती पाणी जाणार, असे कुणी म्हणेल. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पडलेला पाऊस हवामान खाते मोठ्या पावसात धरते. म्हणजे तशा एका दिवसात दर चौरस मीटरला साठ-पासष्ट लिटर पाणी झाले. पाण्याच्या तीन मोठ्या कळश्या तरी भरतील. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. तेवढे दूर राहिले, तरी कल्याण-ठाणे-मुंबई पट्ट्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस होतो. तुमच्या गाडीची काच साधारण एक चौरस मीटरच्या आतबाहेर धरा. हे सारे पाणी बोटाएवढ्या दोन भोकांतून बाहेर जायचे असते. ती भोके बुजली तर ते कुठे जाईल?

पूर्वीच्या टॅक्सीत पत्र्यावर रबरी मॅट असे. पाणी आले तर मॅट उचलायची, फडके मारायचे, झाले. आजच्या गाडीत वर कार्पेट, त्याखाली जाड फोम, आणि त्याखालून दारे, सीटबेल्ट, एअरबॅग, दिवे यांच्या वायरी गेलेल्या असतात. कार्पेट वरून कोरडे लागते आणि खालचा फोम महिनाभर पाणी धरून राहतो. त्यातून वास, बुरशी आणि गंज. ज्या घरात कुणाला दमा आहे, त्यांनी तर या बुरशीला क्षुल्लक समजू नये.

काचेखालची पन्हळ ही पहिली जागा. आणखीही जागा आहेत.

दुसरी जागा दारांची. दाराची काच खाली-वर होते, म्हणून तिच्या बाहेरच्या रबरापाशी थोडे पाणी दाराच्या पोटात उतरतेच. ते जाण्यासाठी दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन चिरा किंवा भोके असतात. धूळ आणि चिखलाने ती बुजली की पाणी दारातच राहते. दार उघड-झाक करताना खळखळ आवाज आला, तर समजावे की दारात पाणी आहे. पुढे खालची कड गंजते आणि पाणी दाराच्या उंबऱ्यावरून आत येते. काही जण गंज लागू नये म्हणून खालून काळा लेप मारतात आणि त्यात ही भोकेच बुजवून टाकतात. तसे करू नये.

तिसरी जागा एसीची. एसी चालू असताना आत थंड जाळीवर हवेतले पाणी जमते आणि एका बारीक नळीने गाडीखाली पडते. दमट दिवशी एसी पंधरा-वीस मिनिटे चालवला तर गाडीखाली थेंब पडलेच पाहिजेत. ते दिसत नसतील तर नळी तुंबली असण्याचा संभव मोठा, आणि मग ते पाणी आत पायाशी पडते. पाऊस नसताना कार्पेट ओले झाले तर प्रथम ही नळी पाहावी. मात्र ते पाणी स्वच्छ नसून रंगीत, बुळबुळीत आणि गोडसर वासाचे असेल, तर तो इंजिनातला कूलंट आहे. तो विषारी असतो. मुलांना दूर ठेवावे आणि मेकॅनिकला दाखवावे.

चौथी जागा छपराच्या खिडकीची, म्हणजे सनरूफची. आता जुन्या बाजारातही अशा गाड्या येऊ लागल्या आहेत. सनरूफच्या भोवती पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली जातात. नळी तुंबली की छताचे कापड ओले होते किंवा खांबाच्या कडेने पाणी उतरते. पाचवी जागा डिकी. स्टेपनीच्या खळग्यात पाणी साठते आणि महिनोन्‌महिने कुणी पाहत नाही. तेथे बहुधा मागच्या दिव्याचे किंवा डिकीच्या दाराचे रबर गेलेले असते.

आता साफसफाई कशी करावी ते सांगतो. यातले बरेचसे काम घरच्या घरी होते.

प्रथम बॉनेट उघडून काचेच्या पायथ्याची सगळी पाने हाताने वेचून घ्या. पाणी मारून ती आत ढकलू नका. धुलाई केंद्रातल्या जोरदार फवाऱ्याने तर मुळीच नको. त्याने पाने भोकात घट्ट बसतात. मग एकाने काचेच्या एका टोकाला तांब्याभर पाणी हळू ओतावे आणि दुसऱ्याने चाकामागे, मडगार्ड आणि दाराच्या फटीत बघावे. काही क्षणांत खाली पाणी यायला हवे. नंतर दुसऱ्या टोकाला तसेच करावे. दोन्हीकडे धार नीट आली तर वाट मोकळी आहे.

पाणी येत नसेल तर जाळी काढावी लागते. हे काम जमत नसेल तर मेकॅनिककडून करून घ्यावे. पण त्याला "गाडीत पाणी येते, बघा" असे मोघम सांगू नका. "वायपरखालची जाळी काढून पन्हळ आणि दोन्ही बाजूंची भोके साफ करा," असे सांगा आणि जवळ उभे राहा. भोकात सारायला लोखंडी सळई किंवा तार घेऊ नका. तिने रंग खरवडतो आणि तेथूनच गंज सुरू होतो. गळाला लावतात ती जाड नायलॉनची दोरी, म्हणजे तंगूस, या कामाला उत्तम. काही गाड्यांत भोकाच्या खालच्या टोकाला रबरी चोच असते. ती चिखलाने चिकटते. दोन बोटांनी दाबून मोकळी करावी. सनरूफच्या नळीत मात्र पंक्चरवाल्याची हवा जोराने मारू नका. नळी आत सांध्यात निसटली तर छत उतरवावे लागते.

दाराची भोके आगकाडीने किंवा बांबूच्या काडीने मोकळी होतात. हे काम मुलेही आनंदाने करतात.

एवढे करूनही पाणी येत असेल, तर अंदाजाने खर्च करू नका, शोध घ्या. गाडी आतून कोरडी करा. जिथे संशय आहे तिथे अंगाला लावायची पावडर भुरभुरा. एकाने आत टॉर्च घेऊन बसावे, दुसऱ्याने बाहेरून पाणी ओतावे. आधी खाली, मग वर, एका वेळी एकच जागा, आणि प्रत्येक जागेला पाच-दहा मिनिटे. जिथून पाणी येईल तिथे पावडरीवर ओघळ उमटेल. लक्षात ठेवा, पाणी जिथे दिसते तिथूनच ते आलेले असते असे नाही. गाडी उतारावर उभी असेल तर पुढे शिरलेले पाणी फोमखालून मागच्या सीटपर्यंत जाते.

पाणी शिरलेच असेल तर वाळवताना काळजी घ्या. मॅट काढा, सीट मागे सरकवा, दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी काढून कार्पेट कडेने उचला. फोमखाली जुनी वर्तमानपत्रे आणि टॉवेल कोंबा, ओले झाले की बदला. ऊन पडेल तेव्हा चारही दारे उघडी ठेवा. पावसाची झड असेल तर ओसरीत टेबलफॅन लावा. सीटखाली पिवळ्या रंगाचे वायरीचे जोड दिसले तर त्यांना हात लावू नका. ते एअरबॅगचे असतात. पाणी वायरींपर्यंत चढले असेल तर गाडी चालू न करता इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि शेगडी किंवा इस्त्री आत ठेवून गाडी वाळवण्याचा उद्योग कुणी करू नये, सीएनजीच्या गाडीत तर कधीच नाही. तसेच बंद जागेत इंजिन चालू ठेवून आत बसू नये. त्या धुराने माणूस दगावतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांना दोन शब्द. गाडी बघायला शक्यतो पावसानंतर जा. बसल्याबरोबर अत्तराचा फार वास आला तर संशय घ्या. पुढच्या दोन्ही बाजूंची मॅट उचलून कार्पेट तळहाताने दाबून पाहा. स्टेपनी काढून खळगा पाहा. सीटच्या नटबोल्टांवर गंज आहे का ते पाहा. विकणाऱ्याला राग आला तर येऊ द्या. पैसे तुमच्या कष्टाचे आहेत.

विम्याविषयीही गैरसमज नको. पुरात गाडी बुडाली तर स्वतःच्या नुकसानीचा विमा काढलेला असल्यास भरपाई मागता येते. पण झीज किंवा विजेच्या भागांतला आपोआप झालेला बिघाड हे त्या विम्याच्या बाहेर ठेवलेले असते. तेव्हा भोके बुजून महिनोन्‌महिने झिरपलेल्या पाण्याचा खर्च बहुधा आपल्याच खिशातून जातो. आमच्या भाच्याचाही तसाच गेला. काचेचे साडेतीन हजार, वायरिंगचे वेगळे आणि आठ दिवसांचे भाडे बुडाले.

पैशाचे झाले ते झाले. पण त्या रविवारी घमेल्यातला चिखल पाहून भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मुलगा जिन्यावर बसून लांबूनच पाहत होता. आम्ही म्हणालो, "अरे, गाडीचे झाले. आता त्याचे काय?" तो म्हणाला, "मामा, मी विचारलंच नाही त्याला. सरळ मारलं." मग उठून मुलाजवळ गेला आणि "चुकलं माझं, बाळा," एवढेच म्हणाला. भाचेसून दारात उभी होती. ती आत जाऊन चहा ठेवू लागली.

आपल्या घरात पैशाची ओढाताण असते. काही बिघडले की पहिला राग जो जवळ असेल त्याच्यावर निघतो, आणि जवळ असतात ती मुले आणि बायको. पाणी गाडीत शिरो नाहीतर घरात, आधी ते कुठून आले याचा शोध घ्यावा. तांब्याभर पाणी ओतून पाहायला पाच मिनिटे लागतात. विनाकारण मार खाल्लेल्या पोराला ते विसरायला किती दिवस लागतात, ते आम्ही त्या जिन्यावर पाहिले.

तेव्हा पाऊस मुंबईकडे ११ जूनच्या सुमारास येतो हे धरून मेच्या शेवटच्या रविवारी एकदा सगळी भोके तपासा. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर पावसाळाभर दर रविवारी काचेखालची पाने वेचा. पावसाळा संपल्यावर एकदा आणि फेब्रुवारी ते एप्रिल पानगळीच्या दिवसांत एकदा पाहा. पिंपळाची पाने याच दिवसांत गळतात. त्यासाठी झाड तोडायची काही गरज नाही. उन्हाळ्यात त्याच सावलीत आपली गाडी आणि आपली माणसे उभी राहतात.

भाच्याच्या गाडीत यंदा पाणी आलेले नाही. रविवारी सकाळी मुलगा एका बाजूने पाणी ओततो आणि बाप चाकाजवळ वाकून "आलं, आलं" म्हणतो, असे भाचेसुनेने फोनवर सांगितले. आपल्या गाडीचा काही अनुभव असेल तर वाचकांनी अवश्य कळवावा. पुढील अंकी पावसाळ्यातील टायर आणि ब्रेक यांविषयी लिहू.